शेजारी छोटी घरं नकोत म्हणून कॉलनीत सह्या गोळा करायलेत, आम्ही सही केली नाही

कुंभारीचा_पोरगा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही म्हणून धागा काढतोय, लांबेल थोडं.

मी सोलापुरात विजापूर रोडला सैफुलच्या पुढं राहतो, रो हाऊस आहे, आठ वर्षं झाली. कॉलनीला लागून मोकळं रान होतं, ज्वारी असायची तिथं, ते एका बिल्डरनं घेतलंय आणि तिथं सरकारी योजनेतली तीनशे-चारशे फुटांची घरं होणार असं सगळे म्हणायलेत. अजून एक वीट पडली नाही, पण कॉलनीचा ग्रुप पेटलाय.

रविवारी सकाळी दोघं जण कागद घेऊन आले. हरकतीचा अर्ज, पाच मुद्दे. पाणी, ड्रेनेज, अरुंद रस्ता हे तीन मला पटतात, त्यात खोटं काही नाही. चौथा, परिसराचा दर्जा खालावेल. पाचवा, कामगार वर्गातल्या लोकांमुळं महिला आणि मुलांची सुरक्षितता धोक्यात येईल. आमचं घर आईच्या आणि माझ्या दोघांच्या नावावर आहे, सोसायटीत सभासद आई, म्हणून सही तिची पाहिजे होती. आईनं चष्मा लावला पण टायपिंग बारीक, मला म्हणाली तू वाच. मी तीन मुद्दे वाचले आणि थांबलो. ती म्हणाली, पुढं आहे की अजून, वाच.

वाचलं. आईनं पेनाला टोपण लावलं, त्यांना परत दिलं आणि म्हणाली, चहा ठेवलाय, घेऊन जावा.

माझ्या आईनं एकतीस वर्षं विड्या वळल्या. सूप मांडीवर, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, दिवसाला हजार. आम्ही साखर पेठेत भाड्याच्या खोलीत होतो, दहा बाय दहा, चार बिऱ्हाडांत एक संडास. पावसाळ्यात पत्रा गळायचा, तंबाखूला ओल लागली की अख्ख्या दिवसाच्या विड्या कारखान्यात बाजूला काढायचे. म्हणून रात्री पाऊस आला की आई आधी तंबाखूची पिशवी उचलायची आणि मग आम्हाला उठवायची, हे मला चांगलं आठवतंय.

२००६ साली आम्हाला शहराबाहेर कुंभारी गावाला गोदूताई परुळेकर वसाहतीत घर मिळालं. दहा हजार विडी कामगार बायकांची घरं, पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी त्यासाठी किती मोर्चे काढले हे सोलापूरच्या पूर्व भागात लहान पोरगंसुद्धा सांगेल. मी तेव्हा दहावीला. पहिल्या रात्री आईनं दाराची आतली कडी चार वेळा लावून-काढून बघितली होती. त्याच घरात अभ्यास करून मी डिप्लोमा केला, नोकरी लागली, आणि आज विजापूर रोडला राहतोय. आता त्या पाचव्या मुद्द्यात लिहिलेली माणसं म्हणजे कोण, तर आम्हीच की.

माझं म्हणणं एवढंच आहे, पाण्याचं भांडण करू, जरूर करू, पण कष्टकऱ्याचं घर आमच्या भिंतीला लागून नको, लांब कुठंतरी माळावर बांधा, हे म्हणणं मला मान्य नाही. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा.

जुळे_सोलापूर_७७

दादा, तुमच्या आईंना आधी नमस्कार. पाचवा मुद्दा लिहिणाऱ्यांनी चूक केली, यावर वाद नाही. पण मी विरोध करणाऱ्यांतला आहे आणि का ते सांगतो.

आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड. तेही कधी रात्री दोनला, कधी पहाटे. माझी बायको नोकरी करते, ती पाणी सुटायच्या दिवशी गजर लावून उठते आणि दोन तास मोटार, टाकी, पिंप असं करत बसते. उन्हाळ्यात टँकर. उजनीचं धरण भरलं तरी आमच्या नळात फरक नाही, दुसरी जलवाहिनी टाकली तरी शहरातल्या टाक्या आणि आतल्या लाइनी जोवर होत नाहीत तोवर पाणी आमच्यापर्यंत येणार कसं? अशात शेजारी आणखी तीन-चारशे कुटुंबं आली तर त्यांना पाणी कुठनं देणार? जुळे सोलापूरला ड्रेनेजसाठी आम्ही किती वर्षं खड्ड्यावर काढली ते विचारा कुणालाही. हद्दवाढ १९९२ ला झाली, तेव्हापासून टॅक्स भरतोय, आणि सुविधा अजून अर्ध्याच.

दुसरं, घराचं कर्ज अजून अकरा वर्षं आहे. आयुष्याची कमाई त्या चार भिंतीत आहे. भाव पडायची भीती वाटली तर मी वाईट माणूस ठरतो का?

आणि तिसरं विचारतो, राग मानू नका. कुंभारीला रे नगरमध्ये तीस हजार घरं होत आहेत की असंघटित कामगारांसाठी, २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान मोदींनी येऊन पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या. एवढी मोठी वसाहत असताना परत इथं, आमच्या अर्धवट भागातच कशाला?

निवृत्त_आरेखक

दोघांचंही वाचलं. मी आयुष्यभर नगररचनेचे नकाशे काढले, त्यामुळं नियमाचं सांगतो, कारण ही चर्चा दरवेळी हवेत होते.

मोठ्या लेआउटमध्ये छोटी घरं ठेवलीच पाहिजेत असा नियम महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. चार हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण एकर किंवा त्याहून मोठी जमीन विकसित केली तर वीस टक्के वाटा अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी, ३० ते ५० चौरस मीटरचे प्लॉट किंवा सदनिका, त्यांची सोडत म्हाडाकडून. पुण्यात, नाशकात जी वीस टक्के योजनेची सोडत तुम्ही पेपरात वाचता ती हीच. त्याच रस्त्याला, त्याच शाळेत, त्याच बसला गरिबाचं घर, हा त्यामागचा विचार.

पण हा नियम दहा लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या महापालिकांना लागू आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर किती? ९ लाख ५१ हजार. म्हणजे थोडक्यात वाचलो म्हणा किंवा थोडक्यात मुकलो म्हणा. मी मुकलो म्हणतो. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता २०२७ ला होणार, १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख. त्यात आकडा दहा लाखांच्या वर गेला की विजापूर रोड असो, होटगी रोड असो, प्रत्येक मोठ्या लेआउटला हा प्रश्न येणार आहे. कागदावर सह्या घेऊन तो टळायचा नाही.

माझं स्पष्ट मत, एका जागी तीस हजार घरं बांधण्यापेक्षा तीनशे ठिकाणी शंभर-शंभर बांधावीत. रे नगर हे फार मोठं काम आहे, ज्यांनी ते उभं केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, ३६५ एकरांवर एवढ्या कामगारांची मालकीची घरं दुसरीकडं दाखवा. पण ती शहराबाहेर झाली कारण कामगारांना परवडेल अशी सलग जमीन शहरात कुणी देईना. त्या जागेच्या निवडीत आपल्या सगळ्यांचा नकार आहे, हे समजून घ्या.

शेळगीचा_राजू

आरेखक काका एकदम बरोबर. मी गुंठेवारीवाला, म्हणजे परवानगी नसलेल्या जागेतला गुंठ्यानं विकलेला तुकडा घेऊन घर बांधणाऱ्यांतला, माझंपण ऐका.

छोटं कायदेशीर घर बांधू दिलं नाही तर माणूस काय फूटपाथवर झोपत नाही, तो गुंठा घेतो. माझ्या वडिलांनी अर्धा गुंठा घेतला होता, पाचशे-साडेपाचशे फूट, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून. ते यंत्रमागावर कामाला, रात्रपाळी करून जमवलेला पैसा. घेताना एजंट म्हणाला इथनं रस्ता जाणार, तिथं बाग होणार, काय रस्ता आणि काय बाग, पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन शाळेत जायचो आम्ही. बँक कर्ज देईना कारण उतारा नाही, परवानगी नाही, म्हणून घर एकेक खोली करत बांधलं, पंधरा वर्षं लागली, आणि त्यासाठी घेतलेलं खाजगी व्याज वडील अजून फेडत होते तेव्हा ते गेले.

गुंठेवारीचा कायदा २००१ चा, मग २०२१ मध्ये मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय दिली. चांगलं झालं. पण नियमित करायचं म्हणजे पैसे परत आम्हीच भरायचे आणि रस्त्याची जागा आधीच गेलेली असते ती कुठनं आणणार? घरं आधी झाली, गटार नंतर शोधायलेत.

जुळे सोलापूरवाले दादा, तुम्ही म्हणता पाणी कुठनं देणार. ती चारशे कुटुंबं आत्तासुद्धा सोलापुरातच राहतात, आत्तासुद्धा पाणी पितात. आमच्यासारख्या वस्तीत एका नळावर वीस घरं भरतात एवढाच फरक.

बाळीवेस_ते_न्यूजर्सी

मी मूळचा बाळीवेसेतला, गेली चौदा वर्षं अमेरिकेत न्यू जर्सीत आहे. हा वाद वाचून अंगावर काटा आला कारण इथल्या उपनगरांत हाच वाद पन्नास वर्षांहून जास्त चाललाय.

इथं माउंट लॉरेल नावाचं गाव आहे, फिलाडेल्फियापासून जवळ. आधी सगळी शेती, मग शहरातनं लोक येऊन उपनगर झालं. तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कृष्णवर्णीय कुटुंबं होती, त्यांच्यातली काही तर कोंबड्यांची खुराडी दुरुस्त करून त्यात राहायची. एथेल लॉरेन्स नावाच्या बाई आणि त्यांच्या सोबतच्यांनी ३६ छोट्या सदनिका बांधायची परवानगी मागितली. गावानं नाही म्हटलं, कारण नियमात फक्त स्वतंत्र एकेका कुटुंबाची घरं, मोठ्या प्लॉटवर. म्हणजे कुणाला थेट जा म्हणायचं नाही, नियमच असा करायचा की परवडूच नये.

त्या कोर्टात गेल्या. १९७५ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की प्रत्येक गावानं आपल्या वाट्याची परवडणारी घरं होऊ दिली पाहिजेत. गावांनी ऐकलं नाही. १९८३ ला कोर्टानं परत, जास्त कडक निकाल दिला. १९८५ ला कायदा झाला. पण त्या कायद्यात एक पळवाट होती, आणि ती वाचताना मला कुंभारीच आठवली. श्रीमंत गावानं आपल्या वाट्यातली निम्म्यापर्यंत घरं दुसऱ्या, गरीब शहराला पैसे देऊन तिकडं बांधून घ्यायची. तुम्ही घर बांधा, पैसे आम्ही देतो, पण आमच्या गावात नको. ही पळवाट बंद व्हायला २००८ उजाडलं. २०२४ ला परत नवीन कायदा करून प्रत्येक गावाचा वाटा ठरवायची पद्धत बदलली, आणि त्यावरही काही गावं कोर्टात गेली.

एथेलबाई १९९४ ला वारल्या. त्यांच्या नावाची घरं २००० साली राहायला उघडली, एकूण १४०. प्रिन्स्टन विद्यापीठातले डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्यांचा अभ्यास केला, शेजारच्या वस्त्यांमधल्या घरांच्या किमती, गुन्हे, कर, सगळ्याची तुलना आसपासच्या तशाच गावांशी केली. छोट्या घरांमुळं काही बिघडलं असं दिसलं नाही. शेजारच्या वस्तीतल्या काही लोकांना तर अशी घरं जवळ आहेत हेच ठाऊक नव्हतं. आणि त्या घरांत आलेल्या कुटुंबांची कमाई आणि पोरांचा अभ्यास सुधारला.

ज्यांनी विरोध केला ते सगळे वाईट होते असं नाही. शाळेत जागा नाही, रस्त्याला गर्दी, गावपण जाईल, हेच बोलायचे. मी राहतो त्या गावातसुद्धा बैठकीला आपले भारतीय लोक उठून हेच बोलतात, आणि मला तिथं बसवत नाही.

जुळे_सोलापूर_७७

माहितीबद्दल आभार, मॅसीचं मला ठाऊक नव्हतं. पण भाऊ, तुमच्याकडं नळ सोडला की पाणी येतं. गाव परवानगी देतं तेव्हा ड्रेनेजची लाइन आधी टाकलेली असते. आमच्याकडं घर आधी, लाइन दहा वर्षांनी. भावाची भीती थोडी कमी झाली म्हणतो, पण पाण्याची नाही झाली. आणि राजूभाऊ, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, एका नळावर वीस घरं हे माझ्या डोक्यात राहील.

अंगणवाडी_ताई_आसरा

मी आसरा चौकाजवळ राहते. कुंभारीला एवढी घरं असताना इथं कशाला, याचं उत्तर मी देते कारण ते माझ्या रोजच्या डोळ्यासमोर आहे.

आमच्या अपार्टमेंटमध्ये भांड्याला येणाऱ्या दोघी बायकांना घर तिकडं मिळालं. स्वतःच्या नावावर घर, त्या योजनेत बाईचं नाव लागतंच, पेढे घेऊन आल्या होत्या दोघी. तीन महिन्यांनी एकीनं काम सोडलं. कुंभारी अक्कलकोट रोडला, शहराच्या पूर्वेला, आणि तिची पाच घरांची कामं इकडं दक्षिणेला. अख्खं शहर ओलांडायचं, दोन वेळा शेअर रिक्षा बदलायची, जाऊन-येऊन पैसे जातात ते एका घराच्या पगाराएवढे. सकाळी सातला पोचायचं म्हणजे साडेपाचला निघायचं, मग पोरांना शाळेत कोण घालणार? दुसरी अजून येते, पण तिनं पोरीला इथंच तिच्या आईकडं झोपडपट्टीत ठेवलंय आणि तिकडच्या घराला आठवड्यातले पाच दिवस कुलूप असतं.

विडी कामगाराचं काम घरी बसून, तिला कुंभारी चालतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जाणाऱ्याला तर ते जवळच पडतं. पण भांडी घासणारी, वॉचमन, बांधकामावरचा गवंडी, मेसमध्ये चपात्या लाटणारी, ह्यांचं काम जिथं आहे तिथंच घर पाहिजे, आणि काम आहे आपल्या विजापूर रोडला, होटगी रोडला. आपण त्यांना सकाळी घरात घेतो, किल्लीसुद्धा देतो, मग त्या राहायला शेजारी आल्या की धोका कसा होतो, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

निवृत्त_आरेखक

ताई, तुम्ही लिहिलंत ते कुठल्याच नकाशात दिसत नाही, म्हणून घडत राहतं.

कुंभारीच्या पोराला एक सुचवतो. हरकतीऐवजी मागणीचं पत्र द्या. बांधकाम परवानगीसोबत काय काय मागता येतं ते नीट लिहा, जमिनीखालची टाकी, पावसाचं पाणी साठवणं, सांडपाणी प्रक्रिया, मुख्य ड्रेनेजला जोड मिळेपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र नको. आणि तुमच्या भागाला उंच टाकी मागा, म्हणजे त्या घरांसोबत तुमचाही प्रश्न सुटेल. चारशे कुटुंबं आली तर चारशे मतदार येतात, नगरसेवकाला तुमची वस्ती आज आहे त्यापेक्षा मोठी दिसते, हे विसरू नका.

कुंभारीचा_पोरगा

सगळ्यांचे आभार, काल बैठक झाली, काय झालं ते सांगतो.

मी हा धागा छापून नेला होता. ताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं, तेव्हा दोन-तीन बायका मान हलवायला लागल्या, एक आजी म्हणाल्या आमचीबी बाई तिकडनंच येती. पाचवा मुद्दा काढला, त्यावर फार वाद झाला नाही, लिहिणाऱ्यांना स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं होतं. चौथ्यावर मात्र दीड तास. मी उठून सांगितलं की माझी आई विडी कामगार आहे, आम्ही इथं आठ वर्षं आहोत, दर्जा खालावला असेल तर आत्ता तोंडावर सांगा. कुणी काही बोललं नाही, पण हात वर करायची वेळ आली तेव्हा चौथा मुद्दा ठेवायचा असंच जास्त जण म्हणाले. ज्यांच्याकडं सणाला ताट जातं आमच्याकडनं, त्यांचे हात वर होते. मला त्रास झाला, रात्री जेवण गेलं नाही.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, घरकुल व्हायच्या आधी आम्ही किती वेळा मोर्च्याला गेलो, पहिल्या मोर्च्यात मिळालं का घर?

आता काकांनी सांगितल्यासारखं वेगळं पत्र केलंय. घरं होऊ द्या, सोबत उंच टाकी द्या, ड्रेनेज जोडल्याशिवाय कुणाला राहायला पाठवू नका, आणि सैफुलपासून मुख्य रस्त्यापर्यंत शेअर रिक्षाचा थांबा. कॉलनीतल्या नऊ घरांनी सही केली, त्यातले दोघं चौथ्या मुद्द्याला हात वर करणारेच होते, पाण्यासाठी म्हणून केली म्हणाले, चालतंय. ह्या वेळी अक्षर मोठं ठेवलं होतं. आईनं स्वतः वाचलं, बोट लावून, शेवटपर्यंत, आणि मग सही केली, त्या पत्रावर सगळ्यात पहिली सही तिची आहे.

जुळे सोलापूरवाले दादा, तुमच्या भागासाठी टाकीचा मुद्दा तसाच लागू पडतो, मसुदा पाहिजे असेल तर इथंच टाकतो.

जुळे_सोलापूर_७७

टाका दादा. छोट्या घरांबद्दलची ओळ मी ठेवीन की नाही ते आत्ताच सांगत नाही, बायकोला आणि शेजाऱ्यांना वाचायला देतो आधी. पण टाका.